पार्किंगमधली बोट

दसऱ्याला आणलेली आपट्याची पानं अजून टेबलावर तशीच पडली आहेत. या वर्षी कुणाला द्यायची नव्हती, तरी भाजीवाल्या बाईने पिशवीत टाकली म्हणून घरी आली. त्यांच्या कडा आता वर वळल्या आहेत. खिडकीतून नदीचा जो एवढासा तुकडा दिसतो, त्यातलं पाणी मात्र निवळलंय. पावसाळाभर चहाच्या रंगाचं वाहणारं उल्हासचं पाणी दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांत हिरवट होतं, संथ होतं, आणि मार्गशीर्षापर्यंत ती नदी खरोखर नदीसारखी दिसते. पुढे जलपर्णी येते आणि सगळं झाकून टाकते. बदलापुरात बोट बाळगणाऱ्या माणसाला वर्षाचे एवढेच दोन-अडीच महिने मिळतात. हे मी अनुभवाने सांगते, कारण आमच्याकडे एक बोट आहे. हेंद्रेपाड्यात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, तीन नंबरच्या खांबाला साखळीने बांधलेली.

सेक्रेटरी सावंत परवा आले होते. चपला दाराबाहेर काढल्या, पण बसले नाहीत. "वहिनी, साहेबांची आठवण आहे, मी समजू शकतो. पण तीनशे दोनवाल्यांनी गाडी घेतलीय, त्यांना जागा द्यायलाच लागेल ना. बायलॉजमध्ये बोट कुठेच बसत नाही हो." माणूस वाईट नाही. साहेबांची आठवण म्हणताना त्यांचा आवाजही खरा होता. मी "बघते" म्हटलं आणि त्यांना चहा विचारायचं विसरले.

त्याच संध्याकाळी हरेशभाईंचा फोन. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं फायबरचं वर्कशॉप आहे. बागेतल्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या, लग्नातल्या रथांचे घोडे, सगळं तिथे होतं. आमची बोटही तिथलीच. "भाभीजी, हायवे पे नया फॅमिली रेस्टॉरंट खुल रहा है. उनको गेट पे बोट मंगता है. लोक आत बसून फोटो काढतील ना. मैं गर्दन लगाके देता हूं, एकदम फर्स्ट क्लास. सोमवारी टेम्पो पाठवतो. संडे शाम तक बोल देना, नहीं तो वो दूसरा माल उठा लेगा."

गर्दन म्हणजे हंसाची. आमची बोट जन्माने हंस आहे. कुठल्याशा बागेतल्या तळ्यासाठी तशा बोटींची ऑर्डर होती, ती रद्द झाली, आणि हा एक हंस मानेशिवायच राहिला. पुढच्या टोकाला जिथे मान बसायची तिथे कमरेएवढा एक उंचवटा आहे आणि त्याच्या आतल्या बाजूने बाहेर आलेले, मानेसाठी बसवलेले सहा बोल्ट. अंग पांढरं, बाजूंना पंखांच्या रेषा, त्यावर नंतर मारलेला निळा रंग. हरेशभाईंनी तेव्हाही मान फुकट देऊ केली होती. अरविंद, माझा नवरा, म्हणाला, "नको. मी या वयात हंसावर बसून फिरलो तर लोक काय म्हणतील!" जणू बिनमानेच्या हंसावर बसल्यावर लोक काही म्हणणार नव्हते.

तर रविवारी संध्याकाळपर्यंत मला ठरवायचं होतं की बोट ठेवायची की द्यायची. कुणीही सांगेल की यात ठरवण्यासारखं काही नाही. मुलगी मुग्धा बंगळूरहून तेच म्हणाली. "आई, देऊन टाक ना. उगाच काय ते सांभाळत बसायचं? आणि तू एकटी थोडीच जाणारेस पाण्यात? बाबांची हौस होती, झाली." तिचं सगळं बरोबर होतं. मी चौतीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवलं. बरोबर उत्तर आलं की बरोबरची खूण करून पुढच्या पेपरकडे जायची सवय आहे मला.

पण मला वेगळीच भीती वाटत होती. वाटत होती असं तरी कसं म्हणू? भीती असायला हवी अशी जागा मला माहीत होती, एवढंच. अरविंद माघात गेला. हृदयविकाराचा झटका, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान सगळं आटोपलं. तेव्हापासून मला काहीच वाटत नाही. रडू आलं नाही. तेराव्याच्या जेवणात आमटीला मीठ कमी आहे हे मला कळलं. लिफ्टमध्ये लावलेल्या श्रद्धांजलीच्या कागदावर शुद्धलेखनाची चूक होती, ती मी पर्समधल्या लाल पेनाने दुरुस्त केली. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो, तशी मी आठ महिने आहे. हात लावला तर गाल आहे, पण आपला नाही. बोट दिल्यावरही काही वाटलं नाही तर? मग वाटण्यासारखं दुसरं काय उरणार होतं?

बोट आली ती पुराच्या नावाने. त्याच्या आदल्या वर्षी पाणी पहिल्या मजल्याच्या चार पायऱ्या खाली येऊन थांबलं होतं आणि तळमजल्यावरच्या आजोबांना बचावपथकाने रबरी बोटीतून नेलं होतं. पुढचा महिनाभर अख्ख्या सोसायटीत एकच विषय. आपली एक बोट हवी. गणपतीत मीटिंग झाली, दिवाळीत झाली, आणि होळीपर्यंत सगळे विसरले. अरविंद तेवढा विसरला नाही. तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता, नुकताच निवृत्त झालेला, आणि निवृत्त माणसाच्या हातात एखादी कल्पना पडली की ती सुटत नाही. वैशाखात एक दिवस टेम्पोतून बोट उतरली. मी गॅलरीतून बघत होते. खाली पोरं टाळ्या वाजवत होती आणि अरविंद घामाघूम होऊन टेम्पोवाल्याला "सावकाश, सावकाश" म्हणत होता.

"पोहता येतं का तुला?" मी त्याला वर आल्यावर विचारलं.

"बोटीत बसल्यावर पोहायचं कशाला?"

तो माणदेशातला. त्याच्या गावी पाणी घागरीने यायचं, तेसुद्धा चार मैलांवरून. अशा माणसाला नदीकाठी घर घ्यायची हौस, हेच मला आधी विचित्र वाटलं होतं. त्यात ही बोट. "तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा बरं ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू तर तहान लागायच्या आधी समुद्र आणलास." पांढरा हत्ती, उंटावरचा शहाणा, जे जे तोंडी आलं ते सगळं बोलून घेतलं. तो हसत होता. मला आता ते हसणं आठवतं, म्हणजे दात आठवतात, डावीकडचा सोन्याचा आठवतो, पण त्या आठवणीला कसली ऊब नाही. चष्मा न लावता फोटो बघावा तसं होतं.

हरेशभाईंनी जाताना बजावलं होतं, "अरविंद साईं, लॉक लगाके रखना. इधर बोट कौन देखा है, उठाके ले जाएंगे." झालं. अरविंदने जाड साखळी आणली आणि बोट पुढच्या टोकाने खांबाच्या पायाशी असलेल्या कड्याला बांधली. साखळी हातभर लांबीची. लांब ठेवली तर चोर बोट सरकवून बाहेर काढतील, हा त्याचा हिशोब. तीस वर्षं कारखान्यात व्हॉल्व्ह आणि कुलपं सांभाळलेला माणूस. कुलूपही पितळी, न गंजणारं. सगळं पक्कं केल्यावर त्याने मला खाली बोलावून दाखवलं. मी विज्ञानाची शिक्षिका. वस्तू पाण्यावर का तरंगते हे दर वर्षी दीड तास शिकवणारी. त्या हातभर साखळीकडे बघून मीसुद्धा म्हटलं, "हं, आता ठीक आहे."

श्रावणात पाणी आलं. सकाळी नऊला गेटपाशी होतं, दहाला पार्किंगमध्ये घोटाभर, आणि साडेदहाला अरविंद जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मुठीत किल्ली घेऊन उभा होता. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला कुणाच्या तरी वरातीची आठवण झाली. बोट तरंगायला लागली. एक वीत वर आली, दोन वीत आली. आणि मग साखळी ताणली गेली. मागचं टोक वर येत राहिलं, पुढचं जागच्या जागी धरलेलं. कुलूप खांबाच्या पायाशी, कमरेभर गढूळ पाण्याखाली. किल्ली अरविंदच्या मुठीत. तो पाण्यात उतरला, वाकला, तोंड वर काढून खोकला, पुन्हा वाकला. मी ओरडले तेव्हा परत आला. तोपर्यंत पुढच्या कडेवरून पाणी बोटीत शिरलं होतं. अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी राहून बघत होती. बोटीने दोनदा हुंदका दिल्यासारखा आवाज केला आणि ती पुरासाठी आणलेली बोट पुरात बुडाली.

दुपारी बचावपथकाचे लोक आले. त्यातल्या एकाने विचारलं, "इथे कुणाकडे तरी बोट आहे म्हणे?" दुसऱ्या मजल्यावरून सावंत म्हणाले, "आहे ना साहेब. खाली आहे." जिना हसून हसून कोसळायचा बाकी होता. अरविंदही हसला. मग घरात येऊन ओल्या कपड्यांनीच खुर्चीवर बसला आणि बराच वेळ हातातली किल्ली बघत राहिला. "हातभरच कशी ठेवली गं मी?" तो म्हणाला. मी त्याला टॉवेल दिला. हातभर ठेवताना मी शेजारी उभी होते, हे मी बोलले नाही.

पाणी ओसरल्यावर बोट चिखलात सापडली, धडधाकट. फायबरला काय होतंय! पण आता पुराचं नाव घ्यायची सोय राहिली नव्हती. बोट कशाला, या प्रश्नाला अरविंदकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच तो मोकळा झाला. दसऱ्याच्या दिवशी त्याने बोटीला झेंडूची माळ घातली, पुढच्या बोल्टांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाला, "या रविवारी पाण्यात घालू."

ते गेल्या वर्षीचे अडीच महिने. अकरा रविवार. मी मोजलेत, कारण मोजणं अजून जमतं.

पहिल्या रविवारी त्याने स्वतः वल्ही मारली. बोट काठापासून पंधरा फुटांवर गेली आणि गोल फिरायला लागली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. अरविंद म्हणाला, इथे प्रवाह विचित्र आहे. नाचता येईना अंगण वाकडं. पलीकडच्या गावातला बाळाराम गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हशी धूत होता. त्याच्या मुलीला मी आठवी-नववीत शिकवलेलं. तो थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, साहेबांना सांगा, नदीला भवरा पाडाल. सरा, मी येतंय." तो चढला, मधल्या फळीवर बसला, आणि बोट सरळ चालायला लागली. त्यानंतर दर रविवारी तोच वल्ही मारायचा. बोटीचा मालक बोटीत फक्त बसायचा.

बसण्याच्या जागा पहिल्याच दिवशी ठरल्या. बाळाराम मध्ये, मी मागच्या फळीवर निळी उशी घेऊन, अरविंद पुढे. पुढे म्हणजे मानेच्या उंचवट्याला पाठ टेकवून, आमच्याकडे तोंड करून. बोट जायची पुढे आणि तो बघायचा मागे. मला याचा फार राग यायचा. पुलाकडे जायला लागलं की समोर चंदेरीचा डोंगर दिसतो, सकाळच्या धुक्यात निळा, वर तो सुळका. लव्हाळ्यांतून खंड्या सुटतो. काठाला भातं पिवळी पडलेली, त्यांचा तो कोरडा गोडसर वास, आणि वारा फिरला तर त्यातच मिसळलेला अंबरनाथच्या कारखान्यांचा आंबूस वास. हे सगळं त्याच्या पाठीमागे. "अरे वळ की," मी म्हणायचे. "एवढी बोट घेतलीस ती पाठ करून बसायला?"

"इथे टेका मिळतो गं पाठीला."

"चंदेरी बघ, कसला दिसतोय."

"दिसतंय मला."

काय दिसतंय कपाळ! बाळाराम माझ्याकडे तोंड करून वल्ही मारायचा, तो नुसता मिशीत हसायचा.

आम्ही फार बोलायचो नाही. आम्हाला सवयच नव्हती. मुग्धा लहान असताना माझी शाळा सकाळची आणि त्याची शिफ्ट बदलती. एका आठवड्यात तो यायचा तेव्हा मी निघालेली असायचे, दुसऱ्या आठवड्यात मी यायचे तेव्हा तो झोपलेला. आमच्या घरात दोन मोठी माणसं एका वेळी जागी असणं हा योग असायचा. फ्रिजवर चिठ्ठ्या असायच्या. 'डाळ भिजत घातली आहे.' 'मुग्धाला ताप, शाळेत पाठवू नये.' 'गॅस संपत आला.' अख्खा संसार असा चिठ्ठ्यांवर झाला आणि चांगलाच झाला, मी तक्रार करत नाही. अंबरनाथ-बदलापुरात कंपनीवाल्यांची अर्धी घरं अशीच चालली. निवृत्त झाल्यावर मात्र दोघांनाही कळेना की समोरासमोर बसून काय करायचं. तो पेपर वाचायचा, मी दुसऱ्या खोलीत पेपर वाचायचे. त्याच्यासाठी वेगळा पेपर लावला होता.

बोटीत पेपर नसायचा. थर्मासमधला चहा, खारी बिस्किटं, नारिंगी रंगाची लाइफ जॅकेटं. एकदा माझी चप्पल पाण्यात पडली तेव्हा ती आणायला बाळारामने बोट तीनदा फिरवली आणि अरविंद इतका हसला की त्याला ठसका लागला. दिवाळीच्या आदल्या रविवारी काठावरच्या घरांत आकाशकंदील लागले होते, सकाळीही कुणीतरी चालू ठेवलेले. मार्गशीर्षात हवेत गारवा आला. मी शाल घेऊन बसले, तर अरविंद म्हणाला, "ही शाल तुला छान दिसते. कधी घेतलीस?" शाल दहा वर्षांची होती. मी म्हटलं, "तू नाइट शिफ्टला होतास तेव्हा."

अकराव्या रविवारी पाण्यावर पहिल्यांदा जलपर्णीचे गठ्ठे दिसले. बाराव्याला वल्हं उचलेना. बोट पुन्हा खांब नंबर तीनला आली. यावेळी साखळी चांगली सहा हात लांब ठेवली. "पुढच्या दसऱ्याला पहिल्याच दिवशी काढू," अरविंद म्हणाला. त्यानंतर दीड महिन्याने तो गेला.

या वर्षी पाणी फारसं चढलंच नाही. बोट सहा हात साखळीत पार्किंगमध्ये पडून राहिली. तिच्यात बिल्डिंगमधल्या मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन गेलीसुद्धा.

रविवारी सकाळी मी बाळारामला फोन केला. का केला ते सांगता येणार नाही. शिस्त म्हणून असेल. प्रयोग न करता निष्कर्ष लिहायचा नाही, हे मी इतक्या पोरांना सांगितलं होतं. तो ढकलगाडी घेऊन आला. बोट आम्ही दोघांनी आणि सावंतांनी मिळून गाडीवर चढवली. सावंतांनी मदत का केली कोण जाणे. बहुतेक त्यांना वाटलं, बोट निघाली. मी गॅलरीतून जॅकेटं काढली. तीन होती. दोन घेतली, एक परत अडकवलं. हातांना ते नीट जमलं.

नदीवर तोच वास होता. भाताचा, चिखलाचा. मी तपासून पाहत होते, जसं दुखऱ्या दातावर जीभ फिरवून बघतो तसं. इथे काही होतंय का? नाही. पाण्यावर ऊन होतं. खंड्या होता. बाळाराम मधल्या फळीवर बसला, मी मागच्या माझ्या जागी, आणि बोट काठापासून सुटली.

दहा-बारा वल्ही मारल्यावर त्याने हात थांबवले. बोट नीट चालत नव्हती. पुढचं टोक वर उचललं गेलं होतं, मागची कड पाण्याला टेकायला आली होती आणि माझ्या पायाशी पाण्याची एक बारीक रेघ आत येत होती.

"बाई," तो म्हणाला. "बोटीनं नाक वर केलंय."

"का रे?"

त्याने वल्ही मांडीवर आडवी घेतली. "म्होरं वजन नाय ना."

मला कळलं. मला कळायलाच हवं होतं, तोलाचा धडा मी तोंडपाठ शिकवला आहे. तरी मी पुढच्या त्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिले. अरविंदचं वजन शेवटी दवाखान्यात नोंदवलं होतं. त्या आकड्याएवढी बोट वर उचलली गेली होती.

"काठावरून दगुड घेऊ का दोन-तीन?" बाळारामने विचारलं. मग म्हणाला, "नायतर तुमीच जावा म्होरं. मी मागल्या फळीकडं सरकतंय. मंग बराबर बसंल."

दगड नको म्हटलं. मी वाकून, त्याच्या खांद्याला धरून, पुढे गेले. समोर तोंड करून बसायला गेले तर पाय ठेवायला जागाच नव्हती, उंचवटा गुडघ्यांना लागत होता. म्हणून वळून बसले. अरविंद बसायचा तशी. बोट सरळ झाली. बाळाराम वल्ही मारायला लागला, त्याची पाठ माझ्याकडे.

आणि मी पाठ टेकली.

टेका नव्हता तिथे. सहा बोल्ट होते. दोन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, दोन खांद्यांच्या हाडांना, लाइफ जॅकेटमधूनसुद्धा रुतत होते. मी खाली सरकून पाहिलं, वर सरकून पाहिलं, तिरकी बसून पाहिलं. कशीही बसले तरी एक तरी बोल्ट टोचायचाच. पाच मिनिटं तिथे कुणी सुखाने बसू शकलं नसतं. तो दोन-दोन तास बसायचा. अकरा रविवार.

मी समोर बघितलं. तिथून नदी दिसत नाही. चंदेरी पाठीमागे, पूल पाठीमागे, खंड्या दिसतो तो उडून गेल्यावर. बाळारामची पाठ आणि तिच्या बाजूने मागची एक फळी, तिच्यावर निळी उशी, एवढंच दिसतं. माझी जागा. एका माणसाएवढी रिकामी.

दिसतंय मला, म्हणायचा तो.

पाठीत दुखत होतं. खरोखर दुखत होतं. मी तशीच टेकून राहिले आणि मग कधीतरी माझ्या तोंडून आवाज यायला लागला. शाळेत पोरगी पडली की आधी गप्प असते आणि मग एकदम भोकाड पसरते तसा, शोभेल असा नाही. काठावर कपडे धुणाऱ्या बायका मान वर करून बघायला लागल्या. बाळारामने मागे वळून पाहिलं नाही. त्याने वल्ही मारणंही थांबवलं नाही. तो आपला एका लयीत मारत राहिला, पुलापर्यंत, आणि पुलाच्या सावलीत गेल्यावर त्याने बोट थांबू दिली.

फोन वाजत होता. हरेशभाई. संध्याकाळपर्यंतची मुदत होती, पण त्यांना धीर नव्हता. मी नाक पुसलं आणि उचलला. "भाभीजी, टेम्पो का क्या करने का? बोलू त्याला?"

"टेम्पो नको," मी म्हटलं. "बोट द्यायची नाहीये."

"अरे पण रखोगे किधर?"

"ठेवू कुठे?" मी बाळारामला विचारलं. बाळाराम पाठमोराच म्हणाला, "आमच्या गोठ्यात ऱ्हाईल. म्हशी काय बोलत नाय." मी ते हरेशभाईंना सांगितलं नाही, नुसतं "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

बोट घेणं परवडतं का, शहाणपणाचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येणार नाही. वर्षातले दोन-अडीच महिने, त्यातले रविवार, तेही जलपर्णी उशिरा आली तर. कुणी विचारलं तर मी नकोच म्हणेन.

परत फिरताना बाळारामने वल्ही आत घेतली आणि वळून त्या उंचवट्याकडे बघितलं. माझ्या खांद्याजवळ एका बोल्टने जॅकेटचं कापड फाटलं होतं.

"टोचत आसतील तुमाला," तो म्हणाला. "उद्या गावातून ग्राइंडर आनतंय. सा-च्या सा कापून टाकू, पाच मिन्टाचं काम."

"राहू देत," मी म्हटलं.